पाच वाक्यांत उत्तर द्या

फावल्या वेळात तुम्ही काय करता, असं सक्सेना मॅडमनी इंग्रजीत विचारलं तेव्हा समोर आम्ही बावीस जण बसलो होतो. फिटर, वेल्डर, क्रेनवाले. सगळ्यात लहान छत्तिशीचा, सगळ्यात म्हातारा मी, एकोणपन्नासचा. पहिली पाळी उरकून आलेलो, नखांत ग्रीस, आणि बसायला ट्रेनिंग सेंटरमधली अप्रेंटिस पोरांची बाकं, ज्यांत आमचे गुडघे मावत नव्हते. मॅडम असतील सव्वीसच्या. त्यांना भोपाळातल्या अरेरा कॉलोनीतून आणायला कारखान्याची जीप जायची.

फावला वेळ हा शब्दच आमच्यापैकी कुणी स्वतःसाठी वापरलेला नव्हता. पाळी असते, नाहीतर पाळी नसते.

शेजारी वसंत इंगोले होता, अमरावतीकडचा, माझ्याच वर्षी भरती झालेला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "सांग ना बे शांत्या, फावल्या वेळात बायको आठवतो म्हणून."

"तू सांग, फावल्या वेळात बायकोला चुकवतो म्हणून."

मागचे दोघं फिसकन हसले. मॅडमना मराठी येत नव्हतं, पण हसणं कुठून आलं ते कळलं. "येस, शांतारामजी?"

मी उभा राहिलो. "आय स्लीप."

"व्हेरी गुड. लेकिन पाँच वाक्य बोलिए. एक वाक्य के नंबर नहीं मिलते."

पाच वाक्यं. झोपतो या गोष्टीची पाच वाक्यं कशी करायची? मी झोपतो, मग उठतो, मग पुन्हा झोपतो, असं काहीतरी बोलून बसलो. मॅडम परत व्हेरी गुड म्हणाल्या. त्यांचं व्हेरी गुड मला सहन होत नसे. लहान पोराने चमच्याने भात खाल्ला की म्हणतात तसं.

हे सगळं कशासाठी ते सांगतो. मी सत्तावीस वर्षं टर्बाइन जोडली. रोटर आणि बेअरिंग यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते, ती कमी झाली तर मशीन घासतं आणि जास्त झाली तर थरथरतं. ती फट मला मापाआधी बोटाला कळते. शॉपमध्ये सगळ्यांना हे माहीत होतं. पण कागदावर माझं नाव कधी आलं नाही, कारण कागद इंग्रजीत असायचा. मी चूक शोधायची, नवा इंजिनियर ती इंग्रजीत लिहायचा, आणि साहेब त्याची पाठ थोपटायचे. वीस वर्षांत अशी सात पोरं माझ्या खांद्यावर पाय ठेवून वर गेली. त्यातल्या दोघांना स्पॅनर कुठल्या हातात धरायचा तेही मी शिकवलं होतं.

मग परदेशी गिऱ्हाइकं यायला लागली आणि वरून हुकूम निघाला की यापुढे सुपरवायझर व्हायचं असेल तर इंग्रजीची इंटरमीजिएट परीक्षा पास पाहिजे. शब्द आणि व्याकरण, पत्रलेखन, ऐकणं, आणि तोंडी. परीक्षा घेणारी संस्था बाहेरची. जानेवारीत परीक्षा. वयाची अट पन्नास, आणि मला मार्चमध्ये पन्नास पूर्ण होत होती. म्हणजे एकच संधी.

सुपरवायझरकीचा सोस मला नव्हता. पण त्याच हुकमात खाली एक ओळ होती, की नागपूरच्या सर्व्हिस ऑफिसात सुपरवायझरच्या तीन जागा आहेत. त्या ओळीसाठी मी त्या बाकावर गुडघे कोंबून बसलो होतो.

माझी बायको मंगला आर्वीला राहते, नागपूरपासून दोन-अडीच तासांवर. आर्वीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. चौऱ्याऐंशी साली लग्न झालं तेव्हा ती नोकरीत होती आणि मीही. दोघांच्याही सरकारी, दोघांच्याही पक्क्या. तिची जिल्हा परिषद मध्यप्रदेशात येणार नव्हती आणि माझा कारखाना आर्वीत जाणार नव्हता. दोन वर्षांत काहीतरी जमवू असं ठरलं. बावीस वर्षं झाली. दिवाळीला मी जायचो, मे महिन्यात ती यायची, नंतर नंतर मे महिन्यात तिचं ट्रेनिंग निघायचं, जनगणना निघायची. मुलगी कांचन तिच्याकडेच वाढली, शिकली, आता हैदराबादेत नोकरी करते. तिला मी सुट्टीतला माणूस म्हणूनच माहीत आहे.

वसाहतीत मला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. त्यातली एक मी वापरायचो. गणपतीत महाराष्ट्र मंडळाच्या जेवणावळीला गेलो की प्रत्येक बाई विचारायची, "ढोलेभाऊ, यंदा तरी वहिनींना आणलं का?" आणि माझ्या पानात एक पुरणपोळी जास्त वाढायची. ती जास्तीची पोळी मी खायचो. काय करणार, चांगली असायची. पण घरी आल्यावर त्या बाईचा राग यायचा.

*

पुस्तक मी जवाहर चौकातून आणलं. शब्दकोशही. पुस्तकात पीटर नावाचा एक माणूस आणि हेलन नावाची त्याची बायको. ही दोघं काम करत नाहीत. पहिल्या धड्यात सहलीला जातात, दुसऱ्यात वाढदिवस करतात, तिसऱ्यात सोफा कुठे ठेवायचा यावर चर्चा करतात. चर्चा म्हणजे काय, तर पीटर म्हणतो मला वाटतं खिडकीजवळ बरं दिसेल, हेलन म्हणते मी तुझ्याशी सहमत आहे पण. सगळ्या पुस्तकात एकदाही कुणी कुणावर खेकसत नाही. मी ते मोठ्याने वाचायचो. पीटर मी आणि हेलनही मीच. भिंतीपलीकडच्या बिहारी शेजाऱ्याने एकदा विचारलं, "घर में मेहमान आए हैं क्या, ढोले साहब?"

"हाँ," म्हटलं. "दो जन."

शब्द रोज वीस पाठ करायचे. क्रियापदाची तीन रूपं, नामाचं अनेकवचन, कुठे अ आणि कुठे द. याच्यावर मला राग नव्हता. व्याकरण हे जोडकामच आहे, सुटे भाग ओळखायचे आणि जिथले तिथे बसवायचे. शब्द-व्याकरणात मी वर्गात पहिला यायला लागलो. वसंत म्हणायचा, "तुले घरी काम काय आहे बे? मले तर अयोध्या नगरच्या घराचं प्लास्टर चालू आहे, पोट्टी दहावीत आहे, आईचे गुडघे गेले. मी व्हर्ब कुठं पाठ करू, स्लॅबवर?"

मला त्याच्या स्लॅबचा हेवा वाटायचा. हे त्याला सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये मॅडमनी पत्र लिहायला सांगितलं. मित्र तुमच्याकडे राहायला येणार आहे, त्याला रस्ता कळवा, काय काय दाखवाल ते लिहा, शंभर शब्द. मी सगळ्यांच्या आधी लिहून मोकळा झालो. इंग्रजी बोललो नव्हतो कधी, पण सत्तावीस वर्षं नोटीस बोर्ड वाचत होतो. कागद कसा लिहितात ते मला पाठ होतं.

मॅडम वाचायला लागल्या आणि हसू दाबताना त्यांचे कानच लाल झाले. मग त्यांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. मराठीत सांगायचं तर असं होतं: प्रति, मित्र. मार्फत, योग्य मार्गाने. विषय, भोपाळ येथे राहण्यास येणेबाबत. संदर्भ, निरंक. वरील विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की आपले आगमन मंजूर करण्यात आले आहे. स्टेशनवरून मिनीबसने यावे. विलंब झाल्यास त्याची जबाबदारी सर्वस्वी आपणांवर राहील. खाली सही, हुद्दा, टोकन नंबर. त्याच्याखाली, प्रत माहितीसाठी: फाइल.

सगळा वर्ग हसत सुटला. वसंतच्या डोळ्यांतून पाणी आलं. "शांत्या, हा मित्र सस्पेंड होऊन राह्यला का बे? टोकन नंबर कायले?"

मीही हसलो. हसलो नसतो तर जास्त हसले असते. मॅडम म्हणाल्या, ऑफिसला पाठवायचं असतं तर दहापैकी दहा दिले असते. मग विचारलं, "लेकिन शांतारामजी, दोस्त का नाम तो लिखिए. 'प्रति, मित्र' कोई लिखता है?"

नाव मला सुचलं नव्हतं. खरं सांगतो. पेन घेऊन मी त्या जागेवर थांबलो होतो, आणि ज्याला घरी राहायला बोलवावं असा एक माणूस मला भोपाळात नाही की बाहेर नाही, हे तिथे कळलं. वसंत होता, पण वसंत रोज दिसायचा. त्याला राहायला ये म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, कायले, बायको काढून देऊन राह्यली का मले?

घरी तेच पत्र पुन्हा लिहून आणायचं होतं, खऱ्या माणसाला. मी ते मंगलाला लिहिलं आणि खरंच पोस्टात टाकलं. आठवड्याने परत आलं. तिने लाल शाईने तपासलं होतं. मंजूरवर काट, जबाबदारीवर काट, सहीखालच्या हुद्द्यावर काट. दहापैकी चार. खाली मराठीत लिहिलं होतं, "रस्ता मला माहीत आहे. बाकी प्रकृती बरी ना?"

*

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा मंगलाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. सहा वर्षं ती इंग्रजी शिकवत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पत्र आलं त्या दिवशी मी तिला मोबाइलवर म्हटलं, "रोज दहा मिनिटं माझ्याशी इंग्रजीत बोल. तोंडी परीक्षेत मी मरतो."

"मी बोलू? तुमच्याशी?" ती हसली. "कशावर बोलू?"

"पुस्तकातले प्रश्न आहेत. मी विचारतो, तू उत्तर दे. मग तू विचार. पाच वाक्यं. मध्ये मराठी आलं की पहिल्यापासून."

रोज साडेसात वाजता, तिचं जेवण झालं की. पुढचं जे सांगतो ते सगळं दोघांच्याही मोडक्यातोडक्या इंग्रजीत झालं. मी इथे मराठीत लिहितोय.

पहिला प्रश्न, तुमचा दिवस कसा जातो? ती म्हणाली, "मी पाच वाजता उठते. मी अंगणात चहा पिते. मग इंदुमतीबाई आणि मी फिरायला जातो. मग मी शाळेत जाते. संध्याकाळी मी पेटी शिकते."

"हू इज इंदुमती?"

"शेजारीण. चार वर्षं झाली."

"पेटी? हार्मोनियम? का?"

"का नाही? हे एक वाक्य झालं. बाकीची चार उद्या." आणि ती खळखळून हसली.

बावीस वर्षांत मी तिला तुझा दिवस कसा जातो असं विचारलं नव्हतं. फोनवर काय विचारायचो? पगार झाला का. टाकीला पाणी येतं का. कांचनचा फोन आला का. तीही हेच विचारायची. आता जवाहर चौकातलं ते भिकार पुस्तक मला रोज एक प्रश्न हातात देत होतं. तुम्हाला कशाची भीती वाटते? लहानपणीची एखादी आठवण सांगा. अलीकडे तुम्ही कोणती नवीन गोष्ट शिकलात?

या शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "मी स्कूटी शिकले. दोन वर्षं झाली. ती निळ्या रंगाची आहे. मी शाळेत स्कूटीने जाते. एकदा पडले, पण फार लागलं नाही."

दोन वर्षं. मधे दोन दिवाळ्या मी त्या घरात राहून आलो होतो. मी विचारलं, "दिवाळीत स्कूटी कुठे होती?"

"इंदुमतीबाईंच्या घरी."

"का?"

"तुम्ही नको म्हटलं असतं."

मराठीत असतं तर मी फोनवरच सुरू झालो असतो. कुणाला विचारून घेतलीस, हातपाय मोडले असते म्हणजे, मी काय मेलो होतो का. सगळं जिभेवर तयार होतं. पण इंग्रजीत मला चिडता येत नव्हतं. पीटर कधी चिडला नव्हता, मी शब्द कुठून आणणार? शोधत बसलो. शोधता शोधता राग खाली बसला, आणि त्याच्या खाली काय होतं ते दिसलं. ती बरोबर बोलत होती. मी नको म्हटलं असतं.

"ब्ल्यू इज नाइस कलर," मी म्हटलं.

ती म्हणाली, "थँक यू."

वर्ग चालू होता म्हणून त्या दिवाळीला मी गेलो नाही, पण मला त्या साडेसातची सवय लागली. दुसरी पाळी असली तर शॉपमधल्या टूलरूममागे उभा राहून बोलायचो. तिचा आवाज इंग्रजीत वेगळा लागायचा, जरा वर, तरुण. आणि ती इतकी बोलायची! मराठीत हो आणि बरं यापलीकडे न जाणारी बाई पाच वाक्यांची नऊ करायची. मी मनात नागपूरची बांधणी करत होतो. आर्वी-नागपूर बस आहे. तिच्या नोकरीची दहा-बारा वर्षं उरली होती, ती स्वेच्छानिवृत्ती घेईल, किंवा मीच आर्वीहून जाऊनयेऊन करीन. तिला काही विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काय आहे असं वाटायचं.

डिसेंबरात चौदावा धडा आला. तुमच्या आयुष्यात कोणता बदल तुम्हाला आवडेल किंवा आवडणार नाही? मी विचारलं, आणि पेन घेऊन बसलो, कारण तिचे चांगले शब्द मी टिपून घ्यायचो.

ती म्हणाली, "माझं घर लहान आहे. त्यात माझ्या वस्तू माझ्या जागी आहेत. संध्याकाळी मला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. तुम्ही दिवाळीला येता तेव्हा मला आनंद होतो. आणि तुम्ही जाता तेव्हा मला"

पुढे ती थांबली. पुस्तकात सूचना होती की समोरचा अडला तर त्याला मदत करा, आणि मग काय असं विचारा. मी विचारलं नाही. मी मॅडमसारखं म्हटलं, "व्हेरी गुड."

"नागपूरचं नक्की आहे का?" तिने एकदम मराठीत विचारलं.

"पास झालो तर."

"व्हाल," ती म्हणाली. "तुमचं व्याकरण चांगलं आहे."

त्यानंतरही आम्ही रोज बोललो. पंधरावा धडा, सोळावा. हवामान, वाहतूक, आवडता पदार्थ. दोघांनीही पाच वाक्यांच्या वर एकही बोललं नाही.

*

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक होते. एक जण कागद बघत होता, दुसऱ्याने विचारलं, ही परीक्षा तुम्ही का देताय?

मी म्हटलं, मला नागपूरला बदली हवी आहे. माझी पत्नी जवळच राहते. आम्ही बावीस वर्षं वेगळे राहिलो. आता आम्ही एकत्र राहू. पाचव्या वाक्याची तयारी करत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "शी मस्ट बी व्हेरी हॅपी."

"येस सर. व्हेरी हॅपी."

त्या पूर्ण परीक्षेत न अडखळता आलेलं माझं तेवढंच वाक्य.

बावीसपैकी सहा पास झाले. मी दुसरा. वसंत पत्रलेखनात नापास झाला. निकालाच्या कागदासमोर आम्ही दोघं उभे होतो. तो म्हणाला, "जा बे शांत्या. तुह्यं भलं झालं. आता तुह्या सत्तेचाळीस नंबरच्या क्वार्टरमधी कोण येते कोणास ठाऊक." मग थोडं पुढे जाऊन, पाठमोराच म्हणाला, "सत्तावीस वर्षं एकदाही मले जेवाले बोलावलं नाही तू."

"तू कधी म्हटलं नाही."

"म्हणाले लागते का बे?"

तो सायकल घेऊन निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

कार्मिक विभागातून पसंतीचा फॉर्म आला. सोमवारपर्यंत भरून द्यायचा, नाहीतर यादीत नाव खाली. त्या दिवशी साडेसातला मी फोन केला आणि सरळ मराठीत विचारलं, "मंगला, मी नागपूर लिहू का?"

"फॉर्म कधी द्यायचा?"

"सोमवारी."

"मी शनिवारी येते," ती म्हणाली. "फोनवर नको."

पाच वर्षांनी ती भोपाळला येत होती. मी दुसरी खोली उघडली. कांचन लहान असताना आणलेला पलंग, त्यावर धुळीचा थर, कोपऱ्यात वर्तमानपत्रं. दोन दिवस घासत बसलो. शनिवारी सकाळी हबीबगंजवर उतरली ती पिशवी खांद्याला लावून, डोळ्यांवर काळा गॉगल. स्टेशनच्या पायऱ्या ती माझ्या पुढे चढली.

आधी आली की ती पदर खोचून झाडू शोधायची. या वेळी खुर्चीवर बसली आणि खोली बघत राहिली. भिंतींवर माझ्या शब्दांच्या चिठ्ठ्या होत्या, नळावर, गॅसवर, आरशावर. आरशावर जी चिकटवली होती तिच्यावर लोनलीचा अर्थ नव्हता, शेव्हिंगचा होता. मी इतका नाटकी नाही. पण ती सगळ्या वाचत गेली, एकीवरचं स्पेलिंग दुरुस्त केलं, आणि म्हणाली, "एकच ताट आहे का घरात?"

"दोन आहेत. एकात किल्ल्या ठेवतो."

जेवण मी केलं होतं. वरणभात, वांग्याची भाजी. ती जेवली. भाजी चांगली झाली म्हणाली. मग हात धुऊन समोर बसली. "आता मी विचारते. तुम्हाला नागपूरला कशाला यायचंय? पाच वाक्यं. मराठीत."

मला वाटलं सोपं आहे. म्हटलं, "मी थकलोय. पाळी सुटली की या घरात कोणी बोलत नाही. जो तो विचारतो, बायको कुठे आहे, आणि मला त्याची लाज वाटते. दुखलंखुपलं तर बघायला कोणी नाही. पन्नाशीला माणसाने आपल्या घरात असावं."

ती बोटं मोजत होती. पाच झाली तरी हात तसाच ठेवून म्हणाली, "यात मी कुठे आहे?"

मी पुन्हा मनात सगळी वाक्यं म्हणून पाहिली. ती कुठे नव्हती. दुखण्यात होती, बघायला म्हणून. लोकांच्या प्रश्नात होती.

"बायको नाही का तू माझी," मी म्हटलं, आणि आवाज चढला.

"आहे ना. चिडू नका. इंग्रजीत बरे वाटता तुम्ही." तिने हे हसून म्हटलं, पण डोळे भरले होते. "मी बावीस वर्षं एकटीने काढली, तुमच्यासारखीच. पहिली दहा रडत काढली. पाणी, पोरगी, तापपाणी, सगळं. मग एक दिवस जमायला लागलं. आता तुम्ही म्हणता एकत्र. मला भीती वाटते. तुमची नाही. माझं जे थोडंसं झालंय, ते जाईल याची."

"मग नको लिहू?"

"असं कुठे म्हटलं?" तिने ताटातल्या भाताचं एक शीत उचललं, टाकलं. "नागपूर लिहा. पण खोली नागपूरला करा. आर्वीला शनिवारी या, रविवारी संध्याकाळी जा. वर्षभर बघू. बोलता येतं का आपल्याला, ते बघू. एकदम सगळे दिवस मला झेपायचे नाहीत."

खिडकीबाहेर पहिल्या पाळीचे लोक सायकलींवरून घरी चालले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एवढी नऊ महिन्यांची घोकंपट्टी, आणि हाती काय, तर भोपाळच्या एकट्या खोलीऐवजी नागपूरची एकटी खोली. हे तिला बोलून दाखवायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तिच्याकडे पाहिलं तर ती उत्तराची वाट बघत होती, घाबरून, पण ताठ बसून. दिवाळीत स्कूटी लपवताना ती अशी दिसली असेल.

"शनिवारी किती वाजता?" मी विचारलं.

"शाळा सकाळची असते. बारानंतर या."

रविवारी दुपारच्या गाडीने ती गेली. गाडी हलल्यावर तिने हात केला नाही, ती आधीच पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती. मी क्वार्टरवर आलो. दुसरी खोली पुन्हा बंद केली. साडेसातला फोन करायचा की नाही हे कळेना, कारण पुस्तक संपलं होतं. केला नाही. तिचाही आला नाही.

सोमवारी कार्मिक विभागात तिवारी बाबूंनी माझा फॉर्म पाहिला. "बधाई हो ढोलेजी. नागपुर. यहाँ एक कॉलम छूट गया. आवास, परिवार सहित या अकेले. परिवार सहित लिख दूँ?"

"नहीं. अकेले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाभीजी तो वहीं हैं न आपकी? फिर नागपुर किसलिए जा रहे हो?"

"शनिवार के लिए."

बाबूंना काही कळलं नाही. त्यांनी कॉलम भरला आणि सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला.